उताराचे शहाणपण

इंदूर, देवास, महू येथील मराठी घरांत महाराष्ट्रातून कोणी पाहुणे मोटारीने आले, की पाण्याचा तांब्या पुढे होण्याच्या आतच त्यांना प्रश्न विचारला जातो, "किती वाजता निघालात? सेंधव्याला कितीला पोहोचलात?" पाहुणेही हौसेने हिशेब देतात. पुण्याहून दहा तासांत आलो, असे एकाने म्हणावे, तर गेल्या खेपेस आपण साडेनऊ तासांतच आलो होतो, अशी आठवण दुसऱ्याने सांगावी. लग्नाच्या मांडवात, गणेशोत्सवात, हळदीकुंकवाच्या बैठकीतसुद्धा ही चढाओढ चालते. वरवर पाहता ती निरुपद्रवी आहे. परंतु तिच्यामुळे आपल्या माणसांच्या जिवाला घोर लागतो, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. दिवाळीच्या प्रवासाची तयारी आता घरोघरी सुरू होईल, तेव्हा त्याविषयी चार शब्द लिहिण्यास हा काळ योग्य होय.

आपल्या मंडळींना मोटार ही केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. इंदूरहून मुंबईस किंवा पुण्यास जाणारी आगगाडी रतलाम-बडोद्याचा वळसा घेऊन जाते. धुळे, मालेगाव, नाशिक या बाजूस ज्यांचे सोयरेधायरे आहेत, त्यांना तर थेट रेल्वे नाहीच. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. पण मंजुरी मिळणे वेगळे आणि गाडी धावणे वेगळे. तोवर आपला आधार म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता. पूर्वी त्याचा क्रमांक तीन होता. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले, तेव्हापासून इंदूर-धुळे हा भाग बावन्न क्रमांकात मोडतो. आपल्या बोलण्यात मात्र तो अजून 'ए.बी. रोड'च आहे. ज्या वाटेने आपले पूर्वज माळव्यात आले, जवळपास त्याच वाटेने आपण लग्नामुंजींना, बाळंतपणांना आणि अंत्यदर्शनालाही जातो.

या रस्त्याची ठेवण लक्षात घेण्यासारखी आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले आहे. खलघाटला आपण नर्मदा ओलांडतो, तेथली भूमी त्याहून सुमारे चारशे मीटर खाली आहे. म्हणजे महू-मानपूर मागे टाकल्यावर विंध्याद्री उतरून निमाडात यावे लागते. पुढे ठीकरी, जुलवानिया करीत रस्ता पुन्हा चढतो, सेंधव्याला सातपुड्यावर येतो आणि बिजासन घाटातून खानदेशात उतरतो. महाराष्ट्राकडे जाताना अवघड घाट उतरावयाचे असतात आणि परतताना ते चढावयाचे असतात, ही यातील मुख्य गोष्ट होय. आपली घाई सर्वांत जास्त असते ती जातानाच. मुहूर्त गाठावयाचा असतो तो जातानाच. उतार आणि उतावीळ यांची गाठ या रस्त्यावर अशी नेमकी पडते.

तिचा परिणाम काय होतो, हे गेल्या काही वर्षांत आपण पाहिले आहे. ४ जुलै २०२३ रोजी बिजासन घाट उतरून आलेला एक अवजड कंटेनर धुळे जिल्ह्यातील पळासनेरजवळ अनावर झाला आणि वाटेतील वाहनांना ठोकरत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे गेली. त्याच्या आदल्या वर्षी, १८ जुलै २०२२ रोजी, इंदूरहून अमळनेरला निघालेली एस.टी. बस खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती बस घाटात नव्हे, पुलावर गेली, हे खरे. परंतु त्या वाटेवरील प्रवास किती सावधपणे करावयास हवा, हे त्या दिवशी आपल्या गावातील अनेक घरांना उमगले. धामनोदच्या अलीकडील गणपती घाटाचे नाव तर वर्षानुवर्षे अपघातांच्या बातम्यांत वाचावे लागले. तेथे अखेर २०२४ साली पर्यायी मार्ग तयार करावा लागला. रस्ता सुधारला, ही समाधानाची गोष्ट आहे. उतार मात्र उतारच राहिला आहे.

आता उतारावर गाडी का आवरत नाही, ते पाहू. शाळेत पदार्थविज्ञानाच्या तासाला ऊर्जेचा नाश होत नाही, तिचे रूप बदलते, असे आपण सर्वांनी घोकले आहे. चार माणसे आणि सामानासह दीड टन वजनाची मोटार तीनशे मीटर खाली आणली, तर तिच्या उंचीतील ऊर्जा कोठे तरी जावयास हवी. ती सगळी ब्रेकमधून जावू दिली, तर तेवढ्या उष्णतेने सुमारे चौदा लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. चाळीस टनांच्या मालमोटारीचा हिशेब केला, तर ते पाणी पावणेचारशे लिटरांच्या घरात जाते. एवढी आग चाकांतील हाताच्या पंजाएवढ्या गाद्यांनी सोसावी, अशी आपली अपेक्षा असते. त्या तापल्या, की त्यांची पकड सैल होते. ब्रेकचे तेल जुने झाले असेल, तर त्याने हवेतील ओलावा शोषलेला असतो; तो ओलावा उष्णतेने वाफ होतो आणि पाय दाबला असता पेडल नुसते खाली बसते. गाडी थांबत नाही.

यावरील उपाय जुनाच आहे आणि जुन्या चालकांना तो पाठ असे. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. तिसरा, प्रसंगी दुसरा गिअर घातला, की यंत्रच गाडीला मागे ओढते आणि ब्रेकला अधूनमधून विश्रांती मिळते. पाय सतत ब्रेकवर ठेवण्यापेक्षा वेग वाढला की ठामपणे दाबावा, वेग उतरला की सोडावा. स्वयंचलित गिअरच्या गाड्यांतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती कशी वापरावी, ते घाटात शोधू नये, घरून निघतानाच पाहून घ्यावे. विजेवर चालणारी गाडी उतरताना ऊर्जा परत बॅटरीत घेते आणि त्यामुळे ब्रेकवरील भार हलका होतो. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल, तर ही सोय कमी पडते. चालकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

याच्या नेमकी उलट सवय मात्र आपल्याकडे रूढ आहे. तेलाची बचत व्हावी म्हणून अनेक जण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात; काही महाभाग तर यंत्रही बंद करतात. या समजुतीला आता काही आधार उरलेला नाही. हल्लीच्या गाड्यांत गिअर घातलेला असून वेगाच्या पेडलवरून पाय काढला, तर यंत्र इंधन घेणेच थांबवते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यापुरते इंधन जाळीतच असते. म्हणजे बचत होते ती गिअरमध्ये, न्यूट्रलमध्ये नव्हे. यंत्र बंद केले, तर आणखी बिकट. ब्रेक दाबण्यास आणि चाक वळविण्यास मिळणारी मदतच नाहीशी होते. चार आण्यांची बचत करण्यासाठी सोन्यासारखा संसार पणास लावण्याचा हा प्रकार आहे.

मात्र आपण कितीही नेटकी गाडी चालविली, तरी मागून येणाऱ्या अवजड वाहनाचे ब्रेक आपल्या हाती नसतात. म्हणून घाटातील आणखी दोन पथ्ये सांगतो. उतारावर मालमोटारीच्या पुढे घुसून लगेच वेग कमी करू नये. मागील चालकाला आपल्यासाठी थांबता येईलच, असे गृहीत धरू नये. दुसरे असे, की घाट संपताक्षणी पायथ्याशी चहा घेण्यासाठी थांबण्याची हौस आवरावी. वरून ब्रेक निकामी झालेले वाहन येऊन आदळण्याची शक्यता पायथ्यालगतच सर्वांत जास्त असते. चहा सेंधव्याला घ्यावा, नाहीतर घाट बराच मागे पडल्यावर, शिरपुरास घ्यावा. आपल्याच ब्रेकमधून जळका वास येऊ लागला, तर सुरक्षित रुंद जागा पाहून थांबावे आणि त्यांना आपोआप निवू द्यावे; त्यांवर पाणी ओतू नये.

घाटानंतरचा दुसरा वैरी म्हणजे झोप. रात्री जेवण करून निघावे, पहाटे नाशिकला किंवा पुण्याला चहाला हजर व्हावे, असा बेत अनेक घरांत ठरतो. रस्ता मोकळा मिळतो, मुले झोपून जातात, सुट्टी वाचते. हे सारे मान्य. परंतु मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतचा काळ शरीराच्या घड्याळात गाढ झोपेचा असतो आणि चहा, गाणी वा उघडी खिडकी यांनी ते घड्याळ फसत नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर अंतर तोडते. तीन सेकंद डोळा लागला, तर चौऱ्याऐंशी मीटर रस्ता कोणीही न पाहता मागे पडतो. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचा रिवाज आपण ज्या इंग्रजांकडून घेतला, त्यांनी १९३१ साली रस्त्यावरील वर्तनाची एक लहानशी नियमपुस्तिका काढली. ती आजतागायत सुधारून निघते. दर दोन तासांच्या प्रवासानंतर निदान पंधरा मिनिटे थांबावे, असा तीत सल्ला आहे. तेथील मोटारवाल्यांच्याही गप्पा टायर, विमा आणि तेलाचे भाव यांभोवतीच फिरतात. पण थकव्याचा विचार करणे त्यांना कमीपणाचे वाटत नाही. आपल्याकडे मात्र "मी सलग चालवत आलो" हे पराक्रमाचे वाक्य समजले जाते.

येथे मला मुख्य मुद्दा मांडावयाचा आहे. गाडीच्या चाकामागे बसलेल्या माणसाची घाई ही बहुधा त्याच्या एकट्याची नसते. ती घरात पेरली जाते. मुलीच्या सासरचे फोन, "अजून कुठे आहात?" ही दर अर्ध्या तासाची विचारणा, साखरपुड्याचा मुहूर्त, एकाच दिवसाची रजा, आईने पाठवलेले डबे वेळेत पोहोचावेत ही काळजी, या सगळ्यांचे ओझे चालकाच्या उजव्या पायावर येते. तो पाय वेगाच्या पेडलवर जड होतो, तेव्हा दोष त्याच्या एकट्याच्या पदरात टाकून मोकळे होणे न्याय्य नाही. म्हणून उपायही घरातूनच व्हावयास हवा.

मुहूर्त सकाळचा असेल, तर आदल्या दिवशी निघून धुळ्यास किंवा नाशिकला मुक्काम करावा. हा खर्च लग्नाच्या यादीत आधीपासून धरावा. चालकाला प्रवासात दर घटकेला फोन करू नये. करावयाचा झाला, तर तो शेजारी बसलेल्याला करावा. शेजारी जो बसेल, त्याने झोपू नये. त्याचे काम चालकाला जागते ठेवण्याचे आणि न बोलता त्याचा चेहरा वाचण्याचे आहे. घरात एकापेक्षा अधिक जणांना परवाना असेल, तर सुनेने किंवा लेकीने अर्धी वाट चालविण्यात संकोच नसावा. मागे बसलेल्या आजी-आजोबांनी आणि मुलांनीही पट्टा लावावा. मागच्या आसनावरही पट्टा बांधणे कायद्याने बंधनकारक आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो जीव वाचवतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी उत्तम प्रतीची होती. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता आणि ते दोघेही गेले. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले.

वाटेत दुसऱ्याचा अपघात दिसला, तर आपले मराठी मध्यमवर्गीय मन क्षणभर कचरते. पोलीस चौकी, साक्षी-पुरावे, तारखा यांची धास्ती वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जखमीला मदत करणाऱ्या भल्या माणसाला संरक्षण मिळाले आहे. मदत करताना चूक झाली, म्हणून त्याच्यावर दावा लावता येत नाही. त्याने नाव सांगावेच, अशीही सक्ती नाही. २०२५ पासून अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना केंद्र सरकारने सुरू केली आहे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीचा १०३३ हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये नोंदवून ठेवावा. आपण ज्याला मदत करू, तो एखाद्या वेळी आपलाच सोयरा निघण्याची शक्यता या रस्त्यावर मुळीच कमी नाही.

इंदूर-मनमाड रेल्वे होईल, तेव्हा होवो. ती झाली, तरी मोटारीचा मोह सुटेल, असे मला वाटत नाही. डबे, पापडांचे पिंप आणि पाच माणसे घेऊन उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत जाण्याचे सुख आगगाडीत नाही. म्हणून या दिवाळीपूर्वी प्रत्येक घराने दोन कामे करावीत. एक, मिस्त्रीकडे नेऊन गाडीच्या ब्रेकच्या गाद्या आणि ब्रेकचे तेल तपासून घ्यावे; दोन वर्षांहून जुने तेल असल्यास बदलावे. दुसरे, निघण्याच्या आदल्या रात्री घरातील सर्वांत वडील माणसाने चालविणाऱ्यास स्पष्ट सांगावे, की उशीर झाला तरी चालेल. या वाक्याला पैसे पडत नाहीत; घाटात ते ब्रेकच्या बरोबरीने उपयोगी पडते.