ऊर्ध्वपातन आणि आमचे अधःपतन

परवा रात्री आमच्या नातवाने चाळीस सेकंदांत माझ्या तारुण्याचा अपमान केला.

तसा मुलगा गुणी आहे. केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आपले आजोबाही एके काळी केमिकल इंजिनिअर होते ही गोष्ट तो चारचौघांत लपवून ठेवत नाही. परवा त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, "आजोबा, मळीपासून स्पिरिट. चाळीस प्लेटींचा कॉलम, चार घटक. बघा हं!" आणि बटण दाबले. पडद्यावर आकडे मुंग्यांसारखे सैरावैरा धावले, दमले, थांबले आणि खाली हिरव्या अक्षरांत एक ओळ उमटली. "झालं! कन्व्हर्ज झालं!"

१९७३ साली असल्याच एका गणिताने माझी अख्खी दिवाळीची सुट्टी खाल्ली होती. सव्वीस फुलस्केप कागद, एक स्लाइड रूल, लॉग टेबलचे सुटलेले पुस्तक आणि फराळाच्या बश्या. एवढे करून उत्तर चुकले ते वेगळेच.

आता ज्या भाग्यवान वाचकांचा या शास्त्राशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. ऊर्ध्वपातन म्हणजे शाळेत शिकवतात तेच. उकळा, वाफ थंड करा, धरून ठेवा. कारखान्यात त्याचा उंच मनोरा करतात. मनोऱ्यात एकावर एक प्लेटी. खालून वाफ चढते, वरून द्रव उतरतो आणि चाळीच्या जिन्यात जशी प्रत्येक मजल्यावर गाठभेट होते, तशी दोघांची प्रत्येक प्लेटीवर होते. प्रत्येक भेटीत उडणारा माल थोडा वर सरकतो, जड माल थोडा खाली.

घटक दोनच असतील तर मजा आहे. मॅकेब आणि थील या दोघांनी १९२५ सालीच सांगून ठेवले आहे की आलेखाच्या कागदावर दोन-तीन रेघा मारा, त्यांच्यामध्ये जिना काढा आणि पायऱ्या मोजा. माझ्यासारख्या, चित्रकलेत काठावर पास झालेल्या मुलालाही ते जमले.

तिसरा आला की घोटाळा. वरून हिशेब सुरू करायचा तर वरून कोण किती बाहेर पडतो ते आधी ठाऊक हवे, आणि ते कळणार सगळा हिशेब झाल्यावर! तुम्ही फार तर दोन घटकांना दम देऊ शकता : तू एवढा वर गेलाच पाहिजेस, तू एवढा खाली आलाच पाहिजेस. त्यांना लाइट की आणि हेवी की म्हणतात. बाकीचे पाव्हणे कुठे जाऊन बसतात ते त्यांचे त्यांना माहीत. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, असला हा प्रकार.

मग करायचे काय? अंदाज! लुइस आणि मॅथिसन १९३२ साली म्हणाले, वरचा-खालचा माल गृहीत धरा आणि दोन्ही टोकांकडून प्लेट-प्लेट मोजत या. मधे गाठ पडली तर ठीक, नाही तर नवा अंदाज. पुढच्याच वर्षी तोच थील, आता गेडिसला बरोबर घेऊन, म्हणाला, माल नको, सगळ्या प्लेटींची तापमाने गृहीत धरा. आमच्या सौ.ला हे मी लग्नानंतर समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे! आणि तुम्ही माझ्या भाताच्या अंदाजाला नावं ठेवता?"

तेव्हा माझे भांडण अंदाजाशी नाही. माझे भांडण आहे ते अंदाज विसरून उत्तराची आरती करणाऱ्यांशी, आणि हे लोक तीन प्रकारचे आहेत.

पहिले माझे समवयस्क. "आमच्या वेळी हे सगळं हातानं करायचो!" असे म्हणत हे लोक बागेतल्या बाकावर छाती फुगवून बसतात. मी साक्षीदार आहे म्हणून सांगतो, बाराव्या प्लेटीनंतर आमच्यापैकी कोणीही विचार करत नव्हता. मधे गाठ पडत नसेल तर आम्ही ती पाडत होतो. आठाचा तीन करायला रबर पुरते. चार घटक आणि चाळीस प्लेटी म्हटल्या की चारशे चाळीस समीकरणे होतात. ती माणसाने हाताने सोडवावीत असे म्हणणे म्हणजे गॅस घरात असताना सुनेला चूल फुंकायला लावणे.

दुसरे परीक्षक. हे आलेखावरून अंगठ्याएवढ्या जाडीच्या अंदाजाने वाचलेले आकडे घ्यायला लावतात आणि उत्तर मागतात तीन दशांश स्थळांपर्यंत. शिवाय प्रश्नातच लिहितात : "मिश्रण आदर्श आहे असे माना. किरकोळ घटक दुर्लक्षित करा." म्हणजे ज्या एका ठिकाणी मुलाने डोके चालवायचे, ते काम परीक्षकाने आधीच उरकलेले. उरले काय? हमाली.

आणि तिसरे, हे हिरव्या अक्षरांवर विश्वास ठेवणारे. अहो, तो लॅपटॉपसुद्धा अंदाजच करतो! आधी एक अंदाज, मग चूक किती ते बघून दुसरा. वांग आणि हेन्के यांनी १९६६ साली त्याला एक शिस्त लावून दिली, नफ्ताली आणि सँडहोम यांनी १९७१ साली सगळी समीकरणे एकदम न्यूटनच्या पद्धतीने सोडवायची युक्ती दिली. फार बुद्धिमान माणसे, त्यांना माझा नमस्कार. पण कन्व्हर्ज झाले याचा अर्थ एवढाच की तुमची समीकरणे आपसांत भांडत नाहीत. कॉलमशी त्यांचे पटते की नाही, याबद्दल हिरवी अक्षरे काही बोलत नाहीत. जमाखर्च जुळला म्हणजे गणपती मंडळाचा खजिनदार प्रामाणिक ठरतो काय?

मी चष्मा पुसून नातवाचे उत्तर वाचू लागलो. अल्कोहोल, नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर! मी म्हटले, "अरे, ९५.६ टक्क्यांना अल्कोहोल आणि पाणी गळ्यात गळा घालून ७८.२ अंशांवर एकत्रच उकळतात. नुसत्या प्लेटी वाढवून आजवर कोणाला ती भिंत ओलांडता आलेली नाही. तुला कशी आली?"

"कन्व्हर्ज झालं ना, आजोबा."

"आणि हे आयसोअमाइल अल्कोहोल सगळं तळाला कसं गेलं?"

"पाणी उकळतं १०० अंशांना, ते १३१ ला. जड आहे, खाली जाणारच."

अगदी हेच वाक्य मी १९७५ साली उच्चारले होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी नवा कोरा साहेब होतो. माझ्या हिशेबाच्या वहीत अल्कोहोल आणि पाणी, एवढेच दोघे होते. मळीच्या आंबवणातून थोडे फ्युजेल ऑइल येते, त्यात मुख्य हेच आयसोअमाइल. पण ते किरकोळ, आणि किरकोळ घटक दुर्लक्षित करायचे असतात हे मी परीक्षेत शिकलो होतो. एका रात्री स्पिरिटची तीव्रता घसरू लागली. मधल्या प्लेटींची तापमाने तापकऱ्यासारखी वरखाली. मी वाफ वाढवली, कमी केली. वरून परत सोडायचा रिफ्लक्स वाढवला, कमी केला. पहाटे तीन वाजता, सातवीपर्यंत शिकलेले आमचे ऑपरेटर मामा तंबाखू थुंकून म्हणाले, "सायेब, मधल्या प्लेटींत तेल साठलंया." त्यांनी मधल्या तोटीतून बाटलीभर नमुना काढला, त्यात पाणी ओतले. वर तेलाचा थर तरंगला. असा काही भपकारा आला की मी तीन दिवस बासुंदी खाल्ली नाही. मामांनी ती तोटी थोडी उघडी ठेवली. तासाभरात कॉलम शांत.

त्याचे असे की, खालच्या पाणीदार भागात पाणी या तेलाला जवळ करत नाही, म्हणून ते अल्कोहोलपेक्षाही घाईने वर पळते. वरच्या अल्कोहोलच्या भागात त्याचे छान जमते, मग उडायची घाई संपते आणि ते जड होऊन खाली येते. वर थारा नाही, खाली थारा नाही. मग मधे साठत राहते, आणि तुम्ही वाट करून दिली नाही तर सगळा कॉलम डोक्यावर घेते. वहीत मी ज्याचे नाव घातले नव्हते, त्यानेच रात्रभर मला नाचवले होते. गणितात चूक एकही नव्हती. नुसते गृहीत खोटे होते.

म्हणून माझी मागणी आहे. या गणिताला दहा गुण असतील तर उत्तराला दोन द्या. ते बटणही काढते. आठ द्या ते या प्रश्नाला : काय काय गृहीत धरलेस आणि त्यातले कोणते खोटे ठरले तर कारखाना बुडेल? आणि बटण दाबण्याआधी पोस्टकार्डावर मावेल एवढे गणित हाताने करायला लावा. १९३२ सालचे फेन्स्केचे सूत्र घ्या. दोन घटकांच्या उडण्याच्या ताकदीत सर्वत्र दुपटीचा फरक धरला आणि प्रत्येकाचा ९९ टक्के माल आपापल्या टोकाला हवा असला, तर निदान सव्वातेरा पायऱ्या लागतातच. मग लॅपटॉप दहा प्लेटींत काम भागवू लागला तर त्याचा कान धरता येतो. ज्याने एकदाही अंदाज केला नाही, त्याला कान कुठे असतो ते कसे कळणार?

हे सगळे मी नातवाला ऐकवले. तो काही बोलला नाही. मिश्रण आदर्श आहे हे गृहीत त्याने काढून टाकले आणि १९६८ सालापासून प्रसिद्ध असलेले एनआरटीएल नावाचे समीकरण घातले. बटण दाबले. या वेळी लाल अक्षरे आली. पुन्हा दाबले. पुन्हा लाल. तो केस ओढू लागला आणि मला, खरे सांगतो, फार बरे वाटले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. दोघे मिळून तापमानांचे अंदाज करत बसलो. पावणेबाराला हिरवे उमटले. अल्कोहोल भिंतीच्या अलीकडे निमूट थांबले होते. नातू आलेखाकडे वाकून बघत म्हणाला, "आजोबा, हे मधेच काय साठलंय?"

मामा असते तर त्यांनी त्याला तंबाखू देऊ केली असती.

मी उत्साहाने सौ.ला हाक मारली. वरही जात नाही, खालीही येत नाही, मधेच साठते आणि सगळ्यांना त्रास देते, अशा घटकाची हकिगत तिला पुन्हा एकदा सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"कळलं," ती म्हणाली. "रिटायर झाल्यापासून आमच्या मधल्या खोलीतही एक साठलंय. त्याची तोटी कुठं असते तेवढं सांगा आणि झोपा आता."