पडीक जमीन, टाकाऊ पेंढा आणि न मोजलेली माणसे

शैवालापासून डिझेल आणि पेंढ्यापासून इथेनॉल बनवण्याच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा का? आमचे उत्तर स्पष्ट आहे : जरूर द्यावा. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी देशाच्या पाणी आणि वीज धोरणाचा पाया घातला. त्यांच्या अनुयायांना विज्ञानाचे वावडे असण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. या संशोधनाला 'सहकार्याचे' संशोधन म्हणतात. हे सहकार्य नेमके कोणाकोणाचे?

आधी पैशाचा हिशोब पाहू. अमेरिकेने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे सरकारी खर्चाने शैवाल-इंधनाचे संशोधन चालवले आणि स्वस्त खनिज तेलापुढे ते टिकत नाही म्हणून बंद केले. २०१० मध्ये तिथल्या ऊर्जा खात्याने विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि कंपन्या यांच्या दोन संयुक्त गटांना मिळून ७.८ कोटी डॉलर जाहीर केले. त्यातला मोठा वाटा शैवालासाठी होता. आजही शैवालाचे डिझेल पेट्रोल पंपावर मिळत नाही. एक्सॉनसारख्या बलाढ्य तेल कंपनीनेही २०२३ मध्ये यातून अंग काढून घेतले. पातळ पाण्यातून शैवाल वेगळे करणे, वाळवणे, त्यातून तेल काढणे हे सारेच महाग पडते. संशोधनात अपयश येतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण अपयशाची किंमत जनतेच्या तिजोरीने भरायची असेल, तर यशावर मालकी कोणाची, हे आधी ठरले पाहिजे.

आपल्याकडे मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशाने ऊर्जा जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. तिथल्या तंत्रज्ञानावर २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूरला प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. २०१९ मध्ये केंद्राने 'पंतप्रधान जी-वन' योजनेला १,९६९.५० कोटी रुपये मंजूर केले. पैकी १,८०० कोटी बारा व्यावसायिक प्रकल्पांना आणि १५० कोटी दहा प्रात्यक्षिक प्रकल्पांना. शास्त्रज्ञ आले, तेल कंपन्या आल्या, मंत्रालय आले. भूमिहीन कुठे आहे?

तो कागदावरच्या दोन शब्दांखाली दबला आहे : 'पडीक' आणि 'टाकाऊ'.

शैवालाचे समर्थक सांगतात, त्याला सुपीक जमीन लागत नाही, खारे पाणीही चालते, म्हणजे अन्नाशी स्पर्धा नाही. ऐकायला छान आहे. पण उथळ तळ्यांसाठी सपाट, विस्तीर्ण जमीन लागतेच, आणि बाष्प होऊन उडालेले पाणी भरत राहावे लागते. ही 'सुपीक नसलेली' जमीन महाराष्ट्रात कोणती? गावाचे गायरान, खाडीकाठचे खाजण. मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या ज्यांना सातबारा मिळाला नाही, त्यांनी गायरान कसून पोट भरले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच जमिनीसाठी झाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले, तरी कित्येक कुटुंबे आजही तहसीलच्या पायऱ्या झिजवत आहेत. सरकारी नोंदीत ही माणसे अतिक्रमणदार आणि त्यांची ज्वारी पडीक!

हा आमचा वहीम नव्हे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर जट्रोफा लावण्याची शिफारस केली. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे स्वप्न दाखवले. प्रत्यक्षात बायोडिझेलचे मिश्रण एक टक्क्यापर्यंतही पोहोचले नाही. जट्रोफा फसला, पण 'पडीक' हा शब्द २०१८ च्या जैवइंधन धोरणात पुन्हा शाबूत आहे. आता सौर प्रकल्पांनाही शासकीय जमीन नाममात्र भाड्याने मिळते. भूमिहीनाने मागितली की नियम आडवे येतात, प्रकल्पाने मागितली की मार्ग निघतो.

दुसरा शब्द 'टाकाऊ'. पानिपतचा प्रकल्प वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा वापरणार, असे २०२२ च्या उद्घाटनात सांगितले गेले. पेंढा जाळून दिल्लीची हवा विषारी होण्यापेक्षा हे बरेच. पण तोच नियम इकडे आणून बघा. कापसाची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या ही भूमिहीन बाईच्या चुलीचे सरपण आहेत. सिलिंडर भरायला पैसे नसले की तिची भाकरी त्यावरच भाजते. उसाचे वाढे विकून ऊसतोड कामगाराच्या हाती चार पैसे पडतात. उद्या या 'अवशेषांना' टनामागे भाव आला तर पैसे शेतमालकाला मिळतील आणि सरपण जाईल तिचे. ज्या वस्तूवर गरीब जगतो तिला टाकाऊ म्हणायचे, ही कोणाची नजर आहे? माणसांनाच टाकाऊ ठरवणाऱ्या व्यवस्थेत आम्ही वाढलो. ही नजर आम्हाला चांगली ओळखता येते.

कोणी म्हणेल, तेलाची आयात कमी व्हायला नको का? हवामान बदलाचा पहिला फटका गरिबालाच बसतो ना? बसतो. म्हणूनच उपायाचा पहिला फटकाही त्यालाच बसता कामा नये.

आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, संशोधनाचा निधी देतानाच जमिनीची अट घाला : गायरानावरील भूमिहीनांचे दावे निकाली निघाल्याशिवाय तिथे कोणताही इंधन प्रकल्प नको. दोन, अवशेष गोळा करण्याआधी गावात आज ते कोण वापरते याची पाहणी करा, आणि तिचा खर्च याच निधीतून द्या. तीन, सार्वजनिक पैशातून निघालेले पेटंट सार्वजनिक मालकीचे राहू द्या. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडलेच आहे. चार, निधी वाटणाऱ्या समित्यांवर भूमिहीन, ऊसतोड कामगार आणि मच्छीमार यांचे प्रतिनिधी घ्या, मताच्या अधिकारासह.

हे मान्य नसेल तर त्याला सहकार्य म्हणू नका. आणि तुमच्या गावच्या ग्रामसभेत 'पडीक जमीन' देण्याचा ठराव आला, तर सहीआधी एकच प्रश्न विचारा : या जमिनीवर आज कोण जगते?

जय भीम! जय संविधान!