सर्व्हरला 'नाही' म्हणता आलं पाहिजे

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे. पण आपल्या कुलवृत्तांताच्या संकेतस्थळाचे दुवे तुम्ही सगळेच एकमेकांना पाठवता, म्हणून तुमच्याही कामाचा आहे.

आपलं स्थळ 'एकपानी' आहे. सर्व्हरकडून इंडेक्स नावाचं एकच पान येतं. पुढे टिचकी माराल तसा मजकूर आणि वरचा पत्ता न्याहाळकातली जावास्क्रिप्टच बदलते. सर्व्हरला त्याची खबरही नसते. तोच पत्ता नंतर कुणी थेट उघडला, की मागणी सर्व्हरकडे जाते. तिथे त्या नावाची फाईल नसते, आणि '४०४, सापडले नाही' असं उत्तर येतं.

यासाठी भलंमोठं फ्रेमवर्क नको, हे भाच्याचं म्हणणं मला पटतं. गो किंवा पायथॉनच्या मूळ सामग्रीतच थोड्या ओळींत काम होतं: फाईल असेल तर ती द्या, नसेल तर इंडेक्स द्या.

माझा विरोध आहे तो या 'नसेल तर इंडेक्स'ला. वर्गात प्रत्येक नावाला एकाच मुलाने 'हजर' म्हणावं, तसं हे झालं! वंशावळीत नसलेल्या माणसाचा पत्ता टाकला तरी सर्व्हर '२००, ठीक' सांगतो. गूगल अशा पानाला 'सॉफ्ट ४०४' म्हणतं. शिवाय नवी आवृत्ती चढवली की बहुधा जावास्क्रिप्टच्या फाईलचं नाव बदलतं. कुणाकडे जुनं इंडेक्स साठलेलं असेल, तर न्याहाळक जुनी फाईल मागतो आणि तिच्याऐवजी त्याला इंडेक्स मिळतं. पहिलंच '<' चिन्ह पाहून तो अडखळतो, आणि एखाद्या आत्याला नुसतं पांढरं पान दिसतं. ४०४ आलं असतं तरी पान उघडलं नसतं, हे खरं. पण बिघाड कुठे आहे ते लगेच कळलं असतं.

म्हणून माझं मत असं: फाईल असेल तर फाईल, पत्ता ठरलेल्या यादीतला असेल आणि ती व्यक्ती वंशावळीत असेल तर इंडेक्स, बाकी सगळ्यांना स्वच्छ ४०४. इंडेक्ससोबत 'नो-कॅश' ही सूचनाही हवी, म्हणजे साठवलेली प्रत वापरण्याआधी न्याहाळक सर्व्हरला विचारेल.

यादी सांभाळणं कंटाळवाणं आहे, असं भाचा म्हणतो. असेल. हजेरीपटही कंटाळवाणाच असतो, पण कोण आलं नाही ते त्यातूनच कळतं. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.