लखोटा बंद, खिडकी उघडी

पीकविम्याचा अर्ज, सातबाराचा उतारा, मुलीची शिष्यवृत्ती ही सारी कामे आता संगणकाच्या पडद्यावरून होतात. गंगाखेड, जिंतूर वा पालम तालुक्यातील शेतकरी त्यासाठी आधार क्रमांक, बँकेचे खाते, जमिनीचा गट क्रमांक अशी आपली सारी कुंडली सरकारदरबारी धाडतो. ती वाटेत कोणी वाचीत नाही ना, हा प्रश्न म्हणूनच केवळ मुंबई-पुण्याच्या संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

वाटेपुरते उत्तर समाधानकारक आहे. संकेतस्थळाच्या पत्त्याआरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असली की आपला ब्राउझर व पलीकडचा संगणक आपसात एक गुप्त किल्ली ठरवितात आणि पुढचा मजकूर कूटबद्ध होऊन जातो. उघड्या मार्गावरूनही अशी किल्ली ठरविता येते, हे डिफी व हेलमन या संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिले. मधल्या कंपनीला आपण कोणत्या स्थळी गेलो हे बहुधा कळते. तेथे काय लिहिले, हे कळत नाही. पोस्टमनाने पत्ता वाचावा, पत्र नव्हे, तसाच हा प्रकार. मात्र लखोटा बंद आहे एवढ्याने तो योग्य माणसाच्या हाती पडतो असे नाही. भामट्याच्या संकेतस्थळालाही हे कवच सहज, तेही विनामूल्य, मिळते.

खरी गळती आहे ती सेवा केंद्राच्या खिडकीवर. रांगेतल्या दहा जणांदेखत ओटीपी मोठ्याने सांगावा, पासवर्ड चालकाच्या वहीत लिहून ठेवावा, आधारची प्रत तेथल्या संगणकातच राहावी, हे दृश्य कोणाला अनोळखी आहे? ब्राउझरच्या ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत काम करून ती बंद केली, तर पुढच्या माणसाला आपले खाते उघडे सापडत नाही. तिची महती याहून अधिक नाही. पण दोन टिचक्यांचे हे काम केंद्रचालकांवर बंधनकारक का नसावे?

‘ज्याच्या मनात पाप नाही त्याने लपवावे कशाला?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. तेच गृहस्थ बँकेचे पासबुक मात्र चावडीवर वाचून दाखवीत नाहीत! १९८६ साली टपाल अडविण्याचे अधिकार वाढविणारे विधेयक संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यास संमती दिली नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. असे असता एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या ‘सर्ट-इन’ने व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची नावे व पत्ते पाच वर्षे जपण्यास फर्माविले. काही परदेशी कंपन्यांनी तेव्हा भारतातील आपली यंत्रे हलविली. चोर शोधण्यासाठी साऱ्या गावाची यादी करावयाची, तर ती यादीच उद्या चोराच्या हाती लागणार नाही, याची हमी कोण देणार?

दिल्लीचा हा वाद दिल्लीत चालेल. परभणीच्या जिल्हा प्रशासनाला मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. अर्जदाराने ओटीपी स्वतः टंकावा, काम संपताच त्याचे कागद त्याच्यादेखत संगणकातून पुसावेत, एवढा आदेश काढून तो प्रत्येक केंद्राच्या दारावर लावणे त्याच्या हाती आहे.