बारा वर्षें शाळा, तेराव्या वर्षीं दार बंद

अमेरिकेंतील सरकारी विद्यापीठांत फीचे दोन दर असतात. राज्याच्या रहिवाशास कमी, बाहेरच्यास पुष्कळ अधिक. हा भेद आम्हांस अन्याय्य वाटत नाहीं. ज्यानें राज्याचा भार उचलला त्यास राज्याची सवलत, हें सूत्र सरळ आहे. वाद आहे तो परवान्यावांचून आलेल्या आईबापांबरोबर अजाण वयांत आलेल्या, व त्याच राज्याच्या शाळेंत शिकून मोठ्या झालेल्या मुलांविषयीं. त्यांस रहिवासी मानावें कीं परके? आमच्या मतें तीं रहिवासीच होत.

टेक्सासमधील टायलर येथील शाळाखात्यानें अशा मुलांकडून वर्षाला १००० डॉलर फी मागितली, तेव्हां प्रकरण न्यायालयांत गेलें. १९८२ सालीं ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, या मुलांस सरकारी शाळेचें दार बंद करतां येणार नाहीं. आईबापांच्या वर्तनाचा भार मुलांच्या माथीं मारणें न्यायास धरून नाहीं, असा न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालपत्राचा आशय होता. परंतु हा निकाल शाळेपुरताच राहिला. म्हणजे बारा वर्षें राज्यानें आपल्या खर्चानें शिकवावें आणि तेराव्या वर्षीं त्याच मुलास ‘तूं कोण?’ म्हणून विचारावें! रोप लावून पाणी घालावें आणि फळ धरण्याच्या सुमारास तें उपटावें, याला काटकसर म्हणणाऱ्यांच्या हिशेबाचें आम्हांस नवल वाटतें.

प्रतिपक्षाचा पहिला आक्षेप असा कीं, करदात्यांचा पैसा यांच्यावर कां उधळावा? टेक्सासांत राज्याचा प्राप्तिकरच नाहीं. राज्याची तिजोरी मुख्यतः विक्रीकरावर आणि स्थानिक शाळा मोठ्या अंशीं मालमत्तेच्या करावर चालतात. दुकानांत पैसे देतांना कोणी कागद विचारीत नाहीं, आणि घरभाड्यांत घरमालकाचा कर येतोच. मग हीं कुटुंबें करदातीं नव्हत, तर कोण?

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. शेजारच्या राज्यांतील अमेरिकन नागरिकानें जास्त फी भरावी आणि या मुलानें कमी, हें कसें? १९९६ च्या मध्यवर्ती कायद्याचा रोख हाच आहे: निवासाच्या आधारें यांस सवलत द्याल, तर ती कोणत्याही राज्याच्या नागरिकास द्या. पण कॅलिफोर्नियाच्या २००१ च्या कायद्यानें निवासाऐवजीं शिक्षण ही कसोटी धरली; तेथील हायस्कुलांत तीन वर्षें शिकून जो उत्तीर्ण होईल त्यास सवलत, मग तो पुढें दुसऱ्या राज्यांत राहावयास गेलेला नागरिक कां असेना. २०१० सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें ही कसोटी कायदेशीर ठरविली.

टेक्सासनेंही २००१ सालींच असा कायदा केला होता. तीन वर्षांचा निवास, तेथील शाळेंतून उत्तीर्ण होणें, आणि शक्य होतांच कायम वास्तव्यासाठीं अर्ज करण्याचें प्रतिज्ञापत्र, या त्याच्या अटी होत्या. ४ जून २०२५ रोजीं मध्यवर्ती सरकारनें त्यावर दावा लावला; त्याच दिवशीं राज्याच्या महाधिवक्त्यानें संमति दिली आणि त्याच दिवशीं न्यायाधीशानें कायद्याची अंमलबजावणी बंद केली. चोवीस वर्षांचा कायदा चोवीस तासांच्या आंत गेला, आणि त्याची बाजू मांडावयास कोणी उभा राहिला नाहीं! वादी-प्रतिवादी एकाच बाजूस बसले म्हणजे न्यायालय उरतें, न्याय उरत नाहीं. फ्लॉरिडानेंही आपला २०१४ चा असाच कायदा २०२५ सालीं रद्द केला.

अमेरिकेंत नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मराठी कुटुंबांस हा प्रश्न दूरचा वाटूं नये. त्यांच्या मुलांचे कागद पुरे असतात. तरी ग्रीन कार्डाची रांग संपण्याआधीं एकविसावें वर्ष भरलें कीं आईबापांच्या व्हिसाचें छत्र त्यांच्यावरून जातें. तेथेंही, जेथें वाढलों तो देश आपला कीं नाहीं, हें एका तारखेनें ठरतें.

फीच्या सवलतीनें सारें साधेल असें आम्ही म्हणत नाहीं. नोकरीचा परवाना नसेल तर पदवी भिंतीवर टांगून ठेवावी लागते, आणि तो परवाना देणें राज्याच्या हातीं नाहीं. पण जें राज्याच्या हातीं आहे, तें तरी त्यानें टाळूं नये. सरहद्द राखावयाची तर ती सरहद्दीवर राखावी. महाविद्यालयाच्या फीच्या खिडकीवर नव्हे.