सभेत बोलण्याची तयारी घरीच करा

आपल्या वस्तीत एखादा प्रश्न उभा राहिला की त्याविषयी आपण कोठे बोलतो? नळावर, समाजमंदिराच्या पायरीवर, रात्री जेवताना. तेथे आपली वाणी धारदार असते व हिशेबही बिनचूक असतो. परंतु ग्रामसभा भरली आणि ‘कोणास काही बोलावयाचे आहे काय?’ असा पुकारा झाला, की आपल्यातील जाणती माणसेही खाली पाहू लागतात. सभा संपते, वहीवर सह्या होतात, आणि घराची वाट धरताच आपण पुन्हा बोलू लागतो.

हा भित्रेपणा आहे असे मी मानीत नाही. ज्यांच्या वाडवडिलांना चावडीपासून दूर उभे राहून केवळ जोहार घालण्याची मुभा होती, त्यांच्या जिभेला सभेचे वळण सहजासहजी कसे लागावे? बाबासाहेबांनी १९२० साली काढलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ असे ठेवले, ते उगाच नव्हे. तथापि कारण खरे आहे म्हणून मौन परवडते असे नाही. सभेत जी मागणी मांडलीच गेली नाही, ती इतिवृत्तात कोठून येणार? आणि कागदावर नसलेल्या मागणीचा पाठपुरावा तालुक्याच्या कचेरीत कशाच्या आधारे करणार?

मी स्वतः प्रथम उभा राहिलो तो स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी. गुडघे कापत होते. रस्त्याविषयी दोन वाक्ये झाली असतील नसतील, तोच पाण्याची गोष्ट आठवली, मग गायरानाची, मग आजोबांना सोसाव्या लागलेल्या अपमानाची. पन्नास वर्षांचे सारे एका दमात बाहेर पडले. लोक हसू लागले व वेळ संपल्याचे सांगून मला खाली बसविण्यात आले. इतिवृत्तात रस्त्याचे नावही आले नाही. पुढील खेपेस मी एकच कागद नेला. त्यावर रस्त्याची लांबी, पावसाळ्यात तो किती दिवस बंद राहतो आणि आमची मागणी, एवढेच होते. तीन मिनिटे बोललो. ‘हे नोंदवून घ्यावे व नोंद वाचून दाखवावी’ एवढे म्हणून बसलो. त्या दिवशी नोंद झाली. रस्ता व्हावयास पुढे बराच काळ गेला, ती कथा निराळी.

‘बाबासाहेबांसारखे बोलणे आम्हांस कसे जमणार?’ असे आपण म्हणाल. पण त्यांचे बोलणे कशावर उभे होते ते पाहा. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत नेहरूंच्या ध्येय-उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू असता त्यांचे नाव अनपेक्षितपणे पुकारण्यात आले. आपल्यापूर्वी वीस-बावीस वक्ते आहेत, तयारीनिशी येण्यासाठी उद्याचा दिवस मिळता तर बरे झाले असते, आणि वेळही दहाच मिनिटांचा आहे, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. ठरावाची घाई करू नये हे मत सभागृहातील अनेकांना रुचणारे नव्हते. तरीही त्यांनी ते न चिडता, कारणे देत मांडले आणि इंग्लंडच्या बर्कचे वचनही दिले. अखेरीस तो ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. त्या दिवशीच्या भाषणाची तयारी नव्हती, हे खरे. परंतु त्यामागे तीस वर्षांचे वाचन होते. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी आपले निवेदन लेखी सादर केले होते, हेही ध्यानात असू द्या.

आमच्या जयंतीच्या सभांतील काही वक्ते मात्र याच्या उलट वागतात. अर्धा तास हारतुऱ्यांत व उपस्थितांची नावे घेण्यात जातो, पाऊण तास गर्जनेत. टाळ्या पडतात, काय सांगितले ते दुसऱ्या दिवशी कोणास आठवत नाही. असल्या वक्तृत्वाचा धडा मुलांनी घेऊ नये.

भाषेचा संकोच तर मुळीच बाळगू नका. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस भाषेत बसविण्याची परवानगी मागितली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली आणि वचन आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली, अशी हकिगत विनयपिटकात आहे. मग वऱ्हाडी वा अहिराणी वळणाचे बोलणे सभेत का खाली पडावे? अडखळण्याचे कारण बहुधा भाषा नसते. काय मागावयाचे ते मनात ठरलेले नसते.

म्हणून रविवारी वंदना आटोपल्यावर घरातील एकाने उभे राहून एकाच विषयावर तीन मिनिटे बोलावे आणि इतरांनी मध्ये तोंड न घालता ऐकावे. मग ‘तू नेमके काय मागितलेस?’ एवढेच विचारावे. मुलीला प्रथम उभी करा. आईलाही करा. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. तेथे ऐकणाऱ्या बहुतेक ओळखीच्या बाया असतात, तेव्हा पहिले भाषण तेथेच होऊ द्या. आणि जाताना कागद विसरू नका, हात कापला तरी अक्षर कापत नाही.