दुकानावरचा चौकोन आणि व्यापाऱ्याची पत

पेठेतील लहानमोठ्या दुकानांत आज गल्ल्याशेजारी एक काळापांढरा चौकोन चिकटविलेला दिसतो. २०१६ साली यूपीआयची व्यवस्था सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत हा क्यूआर कोड भाजीच्या गाडीपासून सराफी पेढीपर्यंत जाऊन पोहोचला. गिऱ्हाइकाने मोबाईल समोर धरावा व रक्कम खाती जमा व्हावी, एवढ्यावर आम्ही व्यापारी संतुष्ट आहोत. आमचे म्हणणे असे की, ज्या चिन्हाने आपण पैसे घेतो, त्याच चिन्हाने गिऱ्हाइकास मालाचा जबाबही दिला पाहिजे.

या चिन्हांचा जन्म पैसे घेण्यासाठी झालेलाच नाही. उभ्या रेघांचा बारकोड अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या एका दुकानात, २६ जून १९७४ रोजी प्रथम गल्ल्यावर वाचला गेला. तो च्युइंगमच्या पाकिटावर होता. क्यूआर कोड जपानमध्ये १९९४ साली मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्याकरिता सिद्ध केला. मालाची ओळख पटविणे हाच दोहोंचा मूळ हेतू. आपण मात्र त्या चौकोनास केवळ गल्ल्याची फट करून ठेवले आहे.

वास्तविक त्याचे उपयोग घरगुती आणि बिनखर्ची आहेत. कोडमध्ये साधा मजकूरही साठविता येतो. तो वाचण्यास इंटरनेटची गरज पडत नाही. गोदामातील थप्पीवर माल कोणाकडून, कोणत्या तारखेस आला ते लिहून ठेवता येईल. माळ्यावरच्या ट्रंकेत काय आहे, हे ती न उघडता गृहिणीस कळेल. फरसाणाच्या पुड्यावर घटकांची पूर्ण यादी असली, तर कांदा-लसूण व कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या कुटुंबास दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. आपल्या घरांत पिठाची मर्यादा ऋतुमानाप्रमाणे पाळतात. पावसाळ्यात ती सर्वांत कमी. तेव्हा दळल्याची तारीख सांगणारे पाकीट हे नुसते सोयीचे नव्हे, तर धर्मपालनास साहाय्यक होय. बेळगाव-निपाणीच्या बाजारात तर मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत माहिती देण्यास लहान पाकिटावर जागा पुरत नाही. कोडमध्ये ती पुरते.

सरकारनेही हीच दिशा धरली आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या ठराविक ३०० औषधांच्या वेष्टनावर उत्पादक, बॅच व मुदत सांगणारा कोड आवश्यक झाला. सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकी क्रमांक असतो आणि तो मोबाईलवर पडताळता येतो. परंतु कायद्याने सांगितल्यावर करावयाचे ते पालन झाले. आपण होऊन करावयाची ती सचोटी.

"अशाने आपली गुपिते उघडी पडतील," असा आक्षेप काही बंधू घेतील. खरेदीचा भाव वा नफा कोणी विचारीत नाही. विचारतात ते वजन आणि शुद्धता. तत्त्वार्थसूत्राने अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे व बनावट मालाचा व्यवहार हे दोन्ही गणले आहेत. ज्यास लपवावयाचे काही नाही, त्यास कोडचे भय कसले?

दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. आपल्या कोडवर कोणी दुसरा चिकटवीत नाही ना, हे रोज दुकान उघडताना पाहावे. आणि पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही, हे नोकरचाकरांस नीट समजावून द्यावे. तसेच ज्या वृद्ध गिऱ्हाइकाजवळ मोबाईल नाही, त्यास तेच उत्तर तोंडाने व आदराने मिळावे. कोड हा जबाब देण्याचे साधन आहे, जबाब टाळण्याचे नव्हे.

पूर्वी पेढीची पत मालकाच्या शब्दावर चाले. तो शब्द आता पाकिटावर छापता येतो; मात्र छापील शब्द मागे घेता येत नाही, याचे भान ठेवूनच तो छापावा. सभासद बंधूंनी यंदा निदान एका जिनसेपासून आरंभ करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.